रुख्मिणीच्या घराबाहेरचा देश

सलग तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर सगळे गुडीहत्नूरच्या दुकानामागच्या मधल्या खोलीत जमले, आणि याही रविवारी आधी कुणालाच बोलावंसं वाटेना. ठरवायचं होतं ते एवढंच, की कॅनडात फिरायला कुठं जायचं. संध्याकाळी तिकडून लेकीचा, रुख्मिणीचा फोन यायचा होता. उन्हाळ्यात तिकडची हॉटेलं लवकर भरतात, आता तरी सांगा, असं मागच्या खेपेला तिनं जरा तुटक आवाजात म्हटलं होतं.

नागोरावांनी नकाशांचं पुस्तक उघडलं. ते रुख्मिणीच्याच शाळेतलं होतं. धाकट्या भावाच्या हातात ते पुस्तक आलं की यशवंतरावांना उगीचच थकल्यासारखं व्हायचं.

"हे पाहा दादा. हे आपल्या रुक्मीचं गाव. हा इकडं नायगरा. किती झालं? चार बोटं. आता हे पान पाहा. अदिलाबादहून हैदराबाद, चार बोटं. म्हणजे रात्री गाडीत बसलं का सकाळी धबधब्यापाशी चहा."

यशवंतराव पुस्तकाकडे बघत राहिले. मागच्या रविवारी हे त्यांनाही पटलं होतं. आठवडाभर त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं, आणि परवा रात्री गल्ला बंद करताना एकदम चूक लक्षात आली होती.

"नागो, ते पान आपल्या राज्याचं आहे. हे अख्ख्या देशाचं."

"पानं तर सारखीच आहेत."

"तेच तर म्हणून राह्यलो. पान सारखं आहे, देश सारखा नाही. जावई म्हणे मोटारीनं चार दिवस लागते."

"चार दिवस?" नागोरावांनी पुस्तक जरा लांब धरलं, जणू लांबून पाहिल्यावर अंतर कमी होईल. "मंग विमानानं जा. पण नायगराच पाहा. आपण नायगरा सोडून आलो म्हटलं तर गुडीहत्नूरचा माणूस काय म्हणन? कॅनडात जाऊन केलं काय मंग?"

"तू तर असा बोलतो का जसं तुयं तिकीट आलं," मथुराबाई म्हणाल्या. थोरल्या बहीण असल्यामुळे त्या दोघांनाही असंच बोलत. इंद्रवेल्लीहून त्या नेहमी चार दिवसांसाठी म्हणून यायच्या, आणि या खेपेला त्यांना येऊन महिना होत आला होता.

"मी दादासाठी म्हणतो अक्का."

"पोचेराचा धबधबा इथून घंट्याभरावर आहे. तो तरी पाह्यला का तुया दादानं?"

यशवंतरावांनी तो पाहिला नव्हता. घरातल्या कुणीच पाहिला नव्हता. 

खरं तर हा फिरण्याचा बेतच त्यांच्यामुळे निघाला होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा घराण्याचा नेम. रुख्मिणीच्या लग्नाला नऊ वर्षं होत आली होती. जावई उद्धवराव बेल्लमपल्लीच्या खाणीत होते तेव्हा यशवंतराव दोन-तीनदा तिकडे गेले होते. दर खेपेला कॉलनीतल्या क्वार्टरच्या दारात उभं राहून लेकीशी बोलले, आणि चहा स्टेशनवर येऊन प्याले. मग उद्धवराव कॅनडातल्या कोळशाच्या खाणीवर गेले आणि दारात उभं राहणंही सरलं. आता जावयानं सासूसासऱ्यांना बोलावलं, तिकिटं पाठवली, तेव्हा नेमाचं काय हा प्रश्न आला. तो रुख्मिणीनंच सोडवला. फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, तुमी माया घरी येऊच नका. आपण बाहेरच भेटू, बाहेरच फिरू. देश मोठा आहे."

हे ऐकून त्यांना केवढं हलकं वाटलं होतं. लेक शहाणी आहे, असं ते चार माणसांत बोललेही होते.

"पण मी म्हणतो," नागोरावांना नवीन मुद्दा सापडला, "हाटेलाचं बिल तर जावईच भरन. मंग ते अन्न कोणाचं झालं?"

सगळ्यांनी मथुराबाईंकडे पाहिलं. असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

"हाटेलातलं अन्न हाटेलवाल्याचं," त्या म्हणाल्या. "त्याले काय माहीत कोण कोणाचा बाप."

"समुद्राले जा ना दाजीबा," नागोरावांची बायको वच्छलाबाई म्हणाली. "बाईनं अजून समुद्र नाही पाह्यला. नाही का वो बाई?"

रुख्मिणीची आई कौशल्याबाई कोपऱ्यात चिंच फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पाह्यला नाही," एवढंच म्हणाल्या. पाहायचा आहे असं म्हणाल्या नाहीत. हा फरक यशवंतरावांच्या ध्यानात आला असावा, पण ते पुन्हा नकाशाकडेच बघू लागले.

*

चहा ठेवायला वच्छलाबाई आत गेली, तेव्हा थोरली जाऊ मागोमाग आली आणि दूध काढायच्या निमित्तानं तिथंच उभी राहिली. वच्छलाबाईला वाटलं, समुद्राचं बोललेलं आवडलं नसेल.

"बाई, मी आपलं म्हटलं. तुमाले पहाड पाहाचे असन तर पहाड."

"पहाड तिच्या सैपाकघराच्या खिडकीतून दिसते म्हणे."

"खरं?"

"फोनवर म्हणे ती. बर्फाचे. भांडे घासता घासता दिसते." कौशल्याबाईंनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं. "मले त्या खिडकीपाशी उभं राहाचं आहे वच्छला. दुसरं काही नाही."

वच्छलाबाईनं चहा ढवळणं थांबवलं. जाऊबाई इतकं सरळ कधी बोलत नसत.

"हिवाळ्यात तिचं पोटातलं गेलं. तिसऱ्या वेळी. तुले माहीत आहे. उद्धवराव ड्यूटीवर, बाहेर बर्फ. दवाखान्यातून घरी आली आन सोताच भात टाकला तिनं. मले फोनवर सांगे का माय, भात गिचका झाला. त्या दिवशी मी इथं पुरणाच्या पोळ्या केल्त्या." त्या थांबल्या. "मले तिच्या घरात पंधरा दिवस राहू द्या. तिले ताटावर बसवतो, वाढतो. तिचे डबे पाहतो, काय आहे काय नाही. आन हे मले धबधबा दाखवून राह्यले."

"मंग सांगत काऊन नाही दाजीबाले?"

"सांगितलं. एकदा सांगितलं. म्हणे, नेम बापाले तोच मायले."

चहा उतू गेला. वच्छलाबाईनं पातेलं उतरवलं, चूल पुसली आणि कपांत चहा गाळला. तिला स्वतःचाच राग आला होता, कारण समुद्र सुचवताना तिच्या मनात शिंपले होते. ते तिनं जाऊबाईंकडून मागवून घ्यायचं ठरवलं होतं.

बाहेर येऊन तिनं कप ठेवले आणि बसायच्या आधीच बोलली. उभ्यानंच बोललं नाही तर बोलवणार नाही, असं तिला वाटलं.

"बाईले कुठंच नाही जाचं. ना धबधबा, ना समुद्र. बाईले रुक्मीच्या घरी जाचं आहे."

"तुले कोणी विचारलं?" नागोराव म्हणाले.

"मले कोणीच नाही विचारत. म्हणून सांगून राह्यली."

यशवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. हाताला चिंच चिकटलेली होती आणि त्या ती पदराला पुसत होत्या.

"तुमी आन भावजी जा," त्या शांतपणे म्हणाल्या. "नायगरा पाहा. मी नाही येत. लेकीच्या गावाले जाऊन हाटेलात झोपाले मले नाही जमत."

*

मथुराबाईंना आता आपल्याला विचारतील हे कळलं. तसंच झालं. यशवंतराव म्हणाले, "अक्का, तू सांग इले. बाबानं कधी मोडला का नेम?"

मथुराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. असं विचारलं की काय सांगायचं हे त्यांना पाठ होतं. वडील किती नेमाचे होते ते त्या इतक्यांदा सांगत आल्या होत्या, की आता शब्द आपोआप जुळत. आज ते जुळेनात. वय झालं म्हणून असेल, किंवा महिनाभर दुसऱ्याच्या घरी राहून जीव विटला म्हणून असेल.

"नाही मोडला," त्या म्हणाल्या.

"पाह्यलं?" यशवंतराव बायकोला म्हणाले. "बाबा अक्काकडं जात तवा शिदा सोबत नेत. मी होतो ना संग. अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडून सोता भाकर टाकत. गावचा पटेल पाहाले येई. हात जोडी. म्हणे, याले म्हणते माणूस."

"तू खुश राहे," मथुराबाई म्हणाल्या. "तुले गंमत वाटे. काड्या जमा करून आणे."

"हो ना."

"मी कुठं राहो तवा?"

यशवंतराव आठवू लागले. त्यांना लिंब आठवला, दगड आठवले, पटेलाचा फेटाही आठवला.

"घरात असशीन."

"दारात. उंबऱ्याच्या आत. बाबाले भाकर टाकता येत नव्हती रे. एका बाजूनं करपे, एका बाजूनं कच्ची. मी आतून पाहो. माया घरात चूल पेटेल राहे, पीठ मळेल राहे. माया हातची भाकर बाबाले लहानपणापासून आवडे. आन ते करपेल खात बसे माया अंगणात, आन लोक हात जोडे." त्यांनी पदर सारखा केला. "सासू म्हणे, पाह्य, तुया बापालेही माहीत आहे तू कशी आहेस ते. अंगणात धूर निघाला का साऱ्या गावाले समजे, मथुरेले अजून काही नाही."

 बाहेर हायवेवरून नागपूरकडचा ट्रक गेला आणि खिडकीची तावदानं हलली.

"मंग अकरा वर्षांनी धोंडीबा झाला. पण बाबा त्याच्या आधीच गेले. माया घरचं पाणी न पिता गेले."

"अक्का, मंग तू म्हणून राह्यली का मोडू?"

"मी काही म्हणत नाही बाप्पा. आतापर्यंत मीच सांगत आलो साऱ्याले, नेम पाळा. मले काय समजते, मले आता समजत नाही. तू विचारलं तर सांगितलं." त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. "चहा गार झाला माया."

यशवंतराव उठले. दुकानात कुणीतरी मिठासाठी हाका मारत होतं, "अन्ना, उप्पु!", आणि ते जवळजवळ धावतच दुकानात गेले.

*

नागोराव थोड्या वेळानं मागोमाग गेले. गिऱ्हाईक निघून गेलं होतं, तरी यशवंतराव तराजूपाशी उभे होते. नकाशाचं पुस्तक नागोरावांच्या हातातच राहिलं होतं. ते कुठं ठेवावं हे न कळून त्यांनी ते साबणाच्या खोक्यावर ठेवलं.

"दादा, नायगरा राहू दे. मी आपलं बोललो. मले काय, तोंड आहे म्हणून बोलतो."

"तुयं काही नाही नागो."

"वहिनी म्हणते ते चुकीचं नाही. अक्कानंही सांगितलं. आता तुले अडचण काय? लोक? लोकाले मी पाहून घेतो. कॅनडात तू काय खाल्लं ते गुडीहत्नूरले काय दिसून राह्यलं?"

"लोकाचं नाही रे."

"मंग?"

यशवंतरावांनी तराजूची पारडी एकमेकांवर ठेवली, पुन्हा वेगळी केली. थोरल्या भावाला बोलायला असा वेळ लागला की नागोरावांना भीती वाटायची. वडील गेल्याचं सांगायलाही त्यानं असाच वेळ लावला होता.

"मूल होईपर्यंत पाणी घ्याचं नाही, असं आहे ना? मी आता घेतलं तर तिले काय वाटन? बाप पाणी प्याला म्हणजे बापानं धरून चाललं का आता काही होत नाही. मी पाळून राह्यलो तवर मी वाट पाहून राह्यलो. सोडलं म्हणजे वाट पाहणं सोडलं. हे तिच्या तोंडावर कसं करू? तिच्याच घरात बसून?"

नागोरावांनी साबणाच्या खोक्यावरचं पुस्तक उगीच सरळ केलं.  हा माणूस नऊ वर्षं नेम पाळत होता आणि सगळे त्याला हट्टी म्हणत होते. त्यात नागोरावही होते.

"हे वहिनीले सांगितलं?"

"नाही."

"रुक्मीले?"

"वेडा झाला का तू?"

"मंग आमाले काय समजन दादा," नागोराव हळूच म्हणाले. "तिले तरी काय समजन. तिले वाटत असन, बाबाले माया घरचं पाणी नको."

यशवंतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आपण भलतंच बोललो असं नागोरावांना वाटलं. त्यांनी घाईघाईनं पुस्तक उचललं आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. ऊन कलत होतं. बसथांब्यावर अदिलाबादची बस भरत होती.

फोन आला तेव्हा तो उचलायला दोघांपैकी कुणीच पुढे होईना. शेवटी आतून कौशल्याबाईंचा आवाज आला, "उचला ना. वाजून वाजून बंद होईन."

*

रुख्मिणीकडे सकाळ होती. उद्धव अजून झोपला होता. ओट्यावर तिनं हॉटेलांची रंगीत पत्रकं पसरून ठेवली होती: पहाडातली, समुद्राकाठची, धबधब्याजवळची. चित्रांत सगळीकडे सारखेच पांढरे पलंग होते. गेला महिनाभर ती रोज फोन करून शाकाहारी जेवण मिळेल का, असं विचारत होती आणि समोरची माणसं फार सौजन्यानं तिला सॅलडबद्दल सांगत होती.

"बाबा? ठरलं का?"

 वडील म्हणाले, "तुया घराले वटा आहे का?"

"काय?"

"वटा. घरापुढं. बसाले."

"नाही बाबा. इकडे वटे नसते. काऊन?"

"नाही, मी म्हटलं, तुयी माय आत राहीन. मी आपला बाहेर बसीन. मंग हाटेलाचं काम नाही पडत."

रुख्मिणी खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर तीन पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर बर्फ झाडायचं फावडं अजून तसंच पडलं होतं. त्या पायऱ्यांवर धोतर नेसून बसलेले वडील तिला दिसले.

"इथं कोणी बाहेर नाही बसत बाबा. थंडी राह्यते. संध्याकाळी तर उन्हाळ्यातही."

"मंग लोक बसते कुठं?"

"आत."

 मागे काकांचा खाकरण्याचा आवाज आला, आणि माय कुणाला तरी गप्प राहा म्हणाली.

"रुक्मी," वडील म्हणाले. "मी आत आलो तर तू असं नको समजू का मी... का आपलं आता..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "मी वाट पाहणं सोडलं, असं नको समजू. मी काही सोडलं नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं, आणि कळल्यावर तिनं ओट्याची कड धरली. बेल्लमपल्लीच्या दारात वडील उभे राहायचे तेव्हा आत खुर्ची पुढे करून ती वाट बघायची. ते गेल्यावर ती खुर्ची उचलून ठेवताना तिनं काय काय समजून घेतलं होतं. ते सगळं चुकीचं होतं की काय, याचा तिला एका फोनमध्ये हिशेब लागेना.

"बाबा, मी काही नाही समजत," ती म्हणाली. "मी थकली आता. हाटेलं पाहू पाहू थकली. तुमी वाट पाहा का नका पाहू. बसून पाहा फक्त. माया घरात बसून."

"बरं," वडील म्हणाले. फार वेळ घासाघीस करून दोन्ही बाजू दमल्यावर ते गिऱ्हाइकाला म्हणत त्याच आवाजात. "मंग आत येतो."

"आन पाणी?"

"पाण्याचं तिथं आल्यावर पाहू. आताच नको विचारू." मग घाईनं, "हे घे, तुयी माय बोलते."

पण माय काही बोलली नाही. फोन हातात घेऊन ती नुसती हुंदके देत होती, आणि काकू मागून ओरडत होती, "बाई, बोला ना, पैसे जाऊन राह्यले!" मग फोन तुटला.

उद्धव डोळे चोळत आत आला. पसरलेली पत्रकं बघून म्हणाला, "झालं का ठरून? कुठं जायचं?"

"कुठंच नाही. इथंच."

"इथं?" त्यानं खोलीभर नजर फिरवली. "आणि मी सुट्टी टाकली ती?"

"राहू दे. लागेल." रुख्मिणी पत्रकं गोळा करू लागली. "उद्धव, आपल्याकडे खुर्च्या दोनच आहेत."

तोही बघत राहिला. इथं आल्यापासूनच्या सात वर्षांत ते कधी त्याच्या लक्षात आलं नव्हतं.